बॅटरी उतरते कशाने

बाबा गेल्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी त्यांची गाडी सुरू होईना. किल्ली फिरवली की नुसतं टकटक व्हायचं, दिवे मिणमिणायचे आणि विझायचे. मला शाळेत पोचायची घाई. सोसायटीचा वॉचमन आणि समोरचे काका यांनी धक्का मारला, गाडी कशीबशी सुरू झाली. दुपारी बडोद्यातल्या गोत्री रोडवरच्या बॅटरीवाल्याला दाखवली. तो म्हणाला, बॅटरी म्हातारी झाली. मी नवी बसवून घेतली आणि विषय डोक्यातून काढून टाकला.

दिवाळीच्या सुट्टीत आई आणि मी मावशीकडे जाऊन आलो. परत आल्यावर किल्ली फिरवते तर पुन्हा तेच. नवी कोरी बॅटरी, आणि पार मेलेली.

मग मी एका ऑटो इलेक्ट्रिशियनला घरी बोलावलं. पन्नाशीचा, बोलका माणूस. त्याने मीटर लावून पाहिलं आणि ठामपणे सांगितलं, "बेन, आल्टरनेटर चार्जिंग नथी करतो." आल्टरनेटर काढून नेला, दुरुस्त करून आणला. थोडे दिवस बरं चाललं. मी रोज गाडी काढत होते तोवर काही झालं नाही. सर्दीतापाने घरी पडले, गाडी उभी राहिली, आणि बॅटरी पुन्हा उतरली. त्याला फोन केला. "एवुं केम थाय?" असं का होतं, हे त्याने मलाच विचारलं.

मी शाळेत मराठी शिकवते. वीज, करंट हे माझे विषय नव्हेत. पण आता मी उठता-बसता तेच बघू लागले. कोणीतरी सांगितलं, डिकीतला दिवा झाकण लावल्यावरही जळत राहतो. मी फोनवर व्हिडिओ चालू केला, फोन डिकीत ठेवला आणि झाकण लावलं. मग उघडून व्हिडिओ पाहिला. दिवा नीट विझत होता. कोणी म्हणालं, रेडिओ. मी रेडिओची वायर काढायला लावली. तरी बॅटरी उतरली. आईला सांगितलं तर ती भाजी निवडत म्हणाली, "विकून टाक ना ती. कशाला तो ताप?" बाबांची गाडी, आणि ती इतकी सहज विकायला सांगतेय याचंही मला नवल वाटलं.

एका रविवारी इलेक्ट्रिशियन पुन्हा आला. आम्ही दारं लावली, किल्ली काढली, बॅटरीच्या तारेत मीटर जोडला आणि बाजूला खुर्च्या टाकून बसलो. काचेवर आकडा दिसत होता, अगदी थोडा. "जुओ, कंई नथी," तो म्हणाला. रेडिओची वायर काढायला आला तेव्हाही त्याने एवढंच पाहिलं होतं आणि निघून गेला होता. या वेळी आईने चहा आणला म्हणून तो थांबला. चहा पिता पिता माझी नजर मीटरवर गेली. आकडा एकदम वर चढला. मी ओरडले. तो वाकेपर्यंत आकडा खाली आला होता. त्याला वाटलं मला भास झाला. मलाही तसंच वाटू लागलं. पण जरा वेळाने पुन्हा चढला, आणि या वेळी दोघांनी पाहिला. कोणीतरी बंद गाडीत अधूनमधून जागं होत होतं.

मग एकेक फ्यूज काढायला सुरुवात झाली. फ्यूज काढायचा, आकडा चढतो का याची वाट बघायची, चढला तर तो परत लावायचा. रेडिओचा फ्यूज काढल्यावर आकडा चढायचा थांबला. पण रेडिओ तर आम्ही कधीच तोडला होता! इलेक्ट्रिशियनने डोकं खाजवलं, डॅशबोर्डचा खालचा भाग सोडवला आणि हात आत घातला. वायरींच्या गुंत्यातून त्याने रेडिओच्याच तारेला जोडलेली, काळ्या टेपने गुंडाळलेली काडेपेटीएवढी डबी ओढून काढली. तिच्यावर एक लाल ठिपका लुकलुकत होता.

"जीपीएस छे," तो म्हणाला. "गाडी क्यां छे ते मोबाइलमां देखाय. सिम बंद थई गयुं लागे छे. नेटवर्क शोध्या करे, एटले बॅटरी पी जाय."

गाडी कुठे आहे ते मोबाइलवर बघायचं यंत्र. सिमचं रिचार्ज बाबांबरोबरच संपलं असणार, आणि तेव्हापासून ही डबी नेटवर्क शोधत बॅटरी खात बसली होती. बॅटरीचा प्रश्न सुटला. तो गेला. डबी माझ्या हातात राहिली.

ती कोणी बसवली? गाडी बाबांनी नवीच घेतली होती, आधीचा मालक वगैरे नव्हता. म्हणजे बाबांनीच. पण कशाला?

मला एकच उत्तर सुचत होतं. माझा संसार मोडला आणि मी आईबाबांकडे गोत्रीला राहायला आले. बाबांनी एका शब्दाने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी गाडीची दुसरी किल्ली माझ्यासमोर ठेवली, "वापरत जा," म्हणाले. त्या काळात मी शाळा सुटली तरी लगेच घरी येत नसे. कधी लहरीपुऱ्यात उगाच दुकानं बघत फिरायचे, कधी वकिलाकडे, कधी नुसती गाडी उभी करून आत बसायचे. घरी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. आणि बाबा ते सगळं फोनवर बघत होते? मी रडत बसायचे ती जागासुद्धा त्यांना माहीत होती? माझ्यावर विश्वास नव्हता, की काळजी होती? ज्या माणसाने एक प्रश्न विचारला नाही, त्याने मागून नजर ठेवावी, हे मला कुठे बसवावं तेच कळेना. राग यायचा, आणि राग आला की ते आता नाहीत हे आठवायचं.

डबी मी जेवणाच्या टेबलावर टाकली होती. आईने ती पाहिली. हातातलं ताट तिने खाली ठेवलं.

"काढलीस?" तिने विचारलं.

"तुला माहीत होतं?"

"मला का माहीत नसणार? माझ्याच फोनमध्ये आहे ते."

आईला फोनवर सुप्रभातचे फोटो पाठवण्यापलीकडे काही येत नाही असं मी धरून चालले होते. तिने फोन उघडून दाखवला. मागच्या पानावर एक खूण होती. दाबल्यावर नकाशा आला, पण त्यावर काहीच नव्हतं.

"माझ्यावर लक्ष ठेवायला?" मी विचारलं.

"तुझ्यावर?" तिला खरंच कळलं नाही. मग म्हणाली, "अगं, तुझ्यावर कशाला? ह्यांच्यासाठी."

मग तिने सांगितलं. मी यायच्या थोडं आधीची गोष्ट. बाबा मांडवीच्या बाजारात गेले आणि रिक्षाने परत आले. गाडी कुठे लावली ते आठवेना. दोघांनी मिळून शोधली तेव्हा सापडली. पुढच्याच आठवड्यात ते स्वतः दुकानात गेले आणि ही डबी बसवून आले. आईच्या फोनवर चालू करून दिली आणि म्हणाले, "मला उशीर झाला तर हे बघ. पण कुणाला सांगू नकोस."

"डॉक्टरांना तरी दाखवलंत?"

"दाखवलं. ते म्हणाले, वयामुळे. गाडी सोडा म्हणाले. हे सोडायला तयार नव्हते."

"आणि तू ऐकलंस?"

आई एका दुपारचं सांगू लागली. बाबा वाण्याकडे म्हणून निघाले. बराच वेळ झाला तरी आले नाहीत. तिने फोन उघडला तर ठिपका पार शहराबाहेर कोयलीला, ज्या तेलाच्या कारखान्यातून ते निवृत्त झाले त्याच्या फाटकापाशी. हलत नव्हता. तिने फोन लावला.

"काय करताय तिथे?"

"कामावर आलोय," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण हे फाटक उघडत नाहीत गं."

आई कधी गाडी चालवायला शिकली नाही. बडोद्याचे रस्ते तिला रिक्षाच्या मागच्या सीटवरून जेवढे दिसले तेवढेच ठाऊक. पण ती नकाशा डोळ्यांसमोर धरून खुर्चीत बसली आणि फोनचा स्पीकर लावून त्यांना एकेक वळण सांगत घरी घेऊन आली. आता सरळ. आता डावीकडे. चुकलात, मागे वळवा. ते हो हो म्हणत होते. पोचल्यावर त्यांनी किल्ली खुंटीला लावली, हात धुतले आणि जेवायला मागितलं. त्यानंतर ते कोयलीच्या बाजूला कधी गेले नाहीत, पण गाडी चालवत राहिले. तुला शाळेत सोडत राहिले, आई म्हणाली.

मी गाडी नेत नसे त्या दिवशी तेच मला सोडायचे. मी त्यांच्या शेजारी बसून जात होते. चौकात ते विचारायचे, "इथून डावीकडेच ना?" आणि मी म्हणायचे, "बाबा, रोजचाच रस्ता आहे," आणि दोघंही हसायचो.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझं तुलाच जड झालं होतं तेव्हा," आई म्हणाली. "त्यात हे कुठे? आणि ते म्हणाले होते, ती घरी आलीय ती आपण भक्कम आहोत असं समजून. तसंच समजू दे."

मला तिच्यावर चिडायचं होतं. त्यांच्यावरही. काहीतरी भयंकर होऊ शकलं असतं, रस्त्यावरच्या कुणालाही. हे मी तिला बोललेही. तिने मान डोलावली. तिला ते माहीत होतं, रोज माहीत होतं.

पुढच्या रविवारी तीच म्हणाली, "मला ती जागा दाखव." आम्ही कोयलीला गेलो. फाटकासमोर रस्त्याच्या कडेला मी गाडी थांबवली. आई खाली उतरली, इकडे तिकडे बघितलं. एक चहाची टपरी, उभे टँकर, धूळ.

"इथेच?" तिने विचारलं.

"इथेच असणार."

"नकाशात किती मोकळं दिसत होतं," ती म्हणाली आणि पदराने तोंड पुसून तिथेच उभी राहिली. मी टपरीवरून दोन चहा आणले.