राखणदाराचं पोळं

पेरूखालच्या मधपेटीचं झाकण उचललं तेव्हा गोदाला आधी खटकला तो आवाज. भरल्या पेटीतून खाली बसलेला, एकसंध गुंजारव येतो, तसा तो नव्हता. माश्या होत्या, पण जी ती आपल्यापुरती गुणगुणत होती. तिनं काथ्याचा थोडा धूर दिला, वरचं मधाचं घर उचलून बाजूला ठेवलं आणि खालच्या, पिल्लांच्या घरातली मधली चौकट उन्हात धरली. मेणाच्या झाकणांना भोकं पडलेली. या दिवसांत पांढरीशुभ्र, टपोरी असायची ती पिल्लं आत लांब होऊन पडली होती, डोकं तेवढं वर उचललेलं. करवंदीच्या काट्यानं तिनं एक पिल्लू बाहेर ओढलं. ते फाटलं नाही. पाणी भरलेल्या इवल्या पिशवीसारखं काट्याच्या टोकाला लोंबत राहिलं.

गोदानं चौकट परत जागेवर ठेवली. काटा चुलीत टाकला. हात राखेनं घासून धुतले.

आठ दिवसांपूर्वी वरच्या वाडीतली दर्शना रडत आली होती. "काकी, माझ्या पेट्या रिकाम्या गो. पिल्ला मेली नि माश्या उडून गेल्या." दर्शनाला हे काम गोदानंच शिकवलं होतं. तिच्या रिकाम्या पेटीत गोदानं पाहिलं होतं तेच आज आपल्या पेरूखाली निघालं. हा रोग माणसाला लागत नाही, मधालाही बाधत नाही. मरतं ते माशीचं पिल्लू. आणि तो नेते माशीच, मधाच्या एका चाटण्यातून, या घरातून त्या घरात.

संगमेश्वरापासून आत, बावनदीच्या वरच्या अंगाला ही वाडी आहे. भुवडांच्या घरी गोदा लग्न होऊन आली तेव्हा मध म्हणजे सासऱ्यांचं काम होतं. ते राईत जाऊन झाडाची ढोली कुऱ्हाडीनं मोठी करत, धूर घालत, सबंध मोहोळ खेचून काढत आणि फडक्यात घालून पिळत. मधाबरोबर पिल्लांचा पांढरा रसही उतरे. पुढल्या वर्षी ती ढोली रिकामी असे, मग दुसरी शोधायची. गोदाचा नवरा मुंबईत कामाला असताना वारला, मुलगाही पुढे तिकडेच लागला. हाताला काही हवं म्हणून ती पेट्यांचं काम शिकून आली. सासरे म्हणाले होते, "देवाचा माल खोक्यात कोंडतेस. नाय राहायच्या."

राहिल्या. राईतल्याच एका ढोलीतलं मोहोळ तिनं न तोडता पेटीत उतरवलं, ते पहिलं. वरच्या घरातला मध काढायचा, तोही सगळा नाही, आणि खालच्या घराला हात लावायचा नाही, हा तिचा रिवाज. पावसाळ्यात कोकणातली माशी उपाशी मरते, म्हणून मृगाच्या आधी भरलेल्या चौकटी ती त्यांना तशाच सोडते. मध तापवत नाही, कशात मिसळत नाही. मालगुंडच्या एक मास्तरीणबाई दरवर्षी तिच्याकडून मध नेतात. त्यांनी एकदा विचारलं, गेल्या खेपेचा पिवळा होता, हा काळा कसा? गोदा म्हणाली, "तो काजूचा होता, ह्यो जांभळीचा. दोन्ही एका रंगाचं हवं असंल तर रंगाच्या दुकानात जा, बाई." बाई हसल्या आणि दोन्ही घेऊन गेल्या.

तिच्या पेटीतलं पहिलं पोळं सासऱ्यांनी बोटानं चाखलं होतं. मग ते पोळं केळीच्या पानावर घेऊन तिला म्हणाले, "चल." राईच्या तोंडाशी राखणदाराचा, म्हणजे रान राखणाऱ्या देवाचा, दगड आहे. होळीचं झाड तोडायला माणसं रानात शिरायची, त्याच्या आदल्या दिवशी वर्षाचं पहिलं पोळं त्या दगडावर उघडं ठेवायचं, ही भुवडांच्या घराची चाल. संध्याकाळपर्यंत रानातल्या माश्या पोळं चाटून कोरडं करतात. कोरडं झालं की देवानं घेतलं, झाड तोडायला मोकळीक झाली. त्या दिवशी सासऱ्यांनी ते पोळं गोदाच्या हातानं ठेवायला लावलं. गावात पुष्कळ बोलाचाली झाल्या, बाईनं ठेवायचं म्हणजे काय. म्हातारा कुणाला बधला नाही. तो गेल्यानंतरही मान तिच्याकडेच राहिला. दर शिमग्याआधी ते पान दोन्ही हातांवर धरून राईकडे चालताना तिला आपण या गावची आहोत असं वाटे. एरवी ते तितकंसं वाटत नसे.

आता तो दिवस दोन दिवसांवर आला होता.

पालखी बसते त्या सहाणेवर गावकर मंडळी शिमग्याचं ठरवायला जमली होती. तिथं गोदा खालच्या पायरीवर उभी राहिली.

"औंदा पोळा ठेवायचा नाय," ती म्हणाली.

धाकूआबा गावचे मानकरी. त्यांनी तंबाखू मळायची थांबवली. "ह्या कोण बोलला? देव, का तू?"

"मीच. माझ्या माश्यांत रोग हाय, आबा."

"मग रोगाचा मध लोकांना विकतेस कशी गो?" मागून कुणीतरी विचारलं.

"माणसाला त्याचा काय होत नाय. माशीच्या पिल्लांना होतो. उघड्यावर ठेवला की राईतल्या माश्या येतील, चाटतील नि घरी नेऊन पोरांना भरवतील. राईतल्या ढोल्या रिकाम्या झाल्या तर माझ्या पेट्यांत तरी पुन्हा माशी कुठनं आणू? दर्शनाच्या पेट्यांत कुठनं आणू? काजूला फळ कोण धरवणार?"

"देवाच्या दारात रोग येतो व्हय?"

"देवाला नाय आबा, माशीला येतो." मग ती जरा चाचरत म्हणाली, "बरणीत घालून ठेवते. झाकण लावून."

सहाणेवर हशा पिकला. "झाकण लावून! मग देवानं काय, झाकण फिरवून खायचा?"

"बाजूला चमचा पण ठेव गो!"

धाकूआबा हसले नाहीत. "तुझ्या सासऱ्यानं भांडून तुला मान दिला. बाईमाणसाला असा मान दुसऱ्या कुठल्या गावात असंल तर दाखव. आज तूच नको म्हणतेस. उद्या परत मागायला येऊ नको."

"नाय येणार," गोदा म्हणाली.

तिचा धाकटा दीर बाबू तिथंच खांबाला टेकून बसला होता. मुंबईत वॉचमनची नोकरी करून तो गावी परतला होता आणि शेजारच्या खोलीत राही. तो तिच्या मागोमाग घरी आला. अंगणात आल्यावर म्हणाला, "वैनी, बापाचा मान चारचौघांत टाकून आलीस."

"टाकला नाय, भावोजी. ठेवला बाजूला."

"सगळ्याच पेट्या काय आजारी नायत ना?"

"आज दिसत नाय म्हणून नाय, असा कोण सांगणार?"

बाबूनं मान हलवली आणि खोलीत गेला. त्याला पटलंय असं तिनं धरलं. तिची चूक झाली ती इथं.

तो दिवस उजाडला. गोदा पऱ्यावर कपडे धुऊन वर येत होती. माडाखालच्या पेटीकडे तिचं लक्ष गेलं. झाकणावरचा चिरा उलट ठेवलेला. आणि पेटीच्या दारातून माश्या ज्या सुटत होत्या त्या एकाच रेषेत, राईच्या दिशेनं. काजू इकडे फुलला होता, आंबा तिकडे. राईकडे या वेळी त्यांना नेणारं एकच होतं.

तिनं कपडे तिथंच टाकले. पाण्याची कळशी कडेवर, कुदळ हातात, आणि चिऱ्याच्या वाटेनं तिला पळता येईल तेवढी पळाली.

दगडावर केळीचं पान होतं आणि पानावर पोळं होतं म्हणायचं, कारण दिसत काहीच नव्हतं. नुसत्या माश्या. तिच्या होत्या, आणि राईतल्या, जरा काळपट, त्याही होत्या; एकीवर एक, भांडत, सरकत. समोर बाबू उकिडवा बसला होता, हात जोडून. न शिकलेल्या हातानं पेटी उघडल्यामुळे त्याचा एक डोळा सुजून मिटला होता. दुसऱ्या डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि चेहरा आनंदानं फुलला होता.

"बघ वैनी," तो म्हणाला, "घेतला देवानं. चांगली पेटी बघून काढला मी. आपल्या घराचा चुकला नाय."

गोदा पुढे झाली. तिनं कळशी पोळ्यावर ओतली.

माश्या भिजून पानावर पसरल्या, काही उठल्या. तिनं पदरानं त्या हलकेच सारल्या, ठिबकतं पोळं दोन्ही हातांत उचललं आणि बाजूच्या मातीत कुदळ घातली. वरची माती तांबडी, खाली लगेच जांभा. कुदळ खणखणत होती. त्या आवाजानं की काय, राखणदाराला नारळ फोडायला निघालेले धाकूआबा आणि दोघेतिघे भराभर आले आणि जागच्या जागी थांबले.

"काय करतेस काय?"

ती खणत राहिली. पोळं खड्ड्यात गेलं, पान गेलं, वर माती गेली. मग तिनं मातीचे ओले गोळे करून दगड घासायला घेतला. देवाच्या दगडावर ती चिखल चोळत होती आणि उरलेलं पाणी ओतत होती.

"देवाच्या तोंडातला घास काढलास," धाकूआबा म्हणाले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. भ्यालेला होता.

"व्हय," गोदा म्हणाली. "काढला."

कोपरापर्यंत तिचे हात मधानं माखले होते आणि माश्या आता त्या हातांवर बसत होत्या. डंखही करत होत्या. एरवी तिनं डंख नखानं खरवडून काढले असते. तिनं हातांनाही माती लावली, कोपरापर्यंत, वास जाईपर्यंत. बाबू दगडाकडे बघत होता, वहिनीकडे बघत होता, आणि आपण काय केलं हे त्याला हळूहळू कळत होतं. "वैनी, मना वाटला..." एवढंच तो म्हणाला.

"किती वेळ होता ठेवलेला?"

"चूल पेटायच्या आधी ठेवला."

म्हणजे बराच वेळ. किती माश्या पोटभर घेऊन गेल्या आणि कुठल्या ढोलीत, हे सांगायला कुणी नव्हतं. माडाखालच्या त्या पेटीत रोग असेल, नसेल. तेही तिला ठाऊक नव्हतं.

होळीचं झाड त्या वर्षी तोडलं गेलं, पण नारळ सहाणेवरच फुटला आणि भुवडांच्या घरच्या कुणाला पुढे बोलावलं नाही. पालखी दारात आली, गोदानं ओटी भरली, पालखी गेली. शिमगा सरल्यावर तिनं रोग दिसलेल्या पेट्यांतल्या राण्या काढून मारल्या, म्हणजे नवं अंडं पडणार नाही, पिल्लूच नसेल तर रोग कुणाला धरेल. काही दिवस पेटी पिल्लांवाचून मोकळी ठेवायची आणि मग नवी राणी होऊ द्यायची. चौकटी दर्शना धरत होती. राणी चिमटीत घेताना गोदानं तोंड फिरवलं नाही. त्या वर्षी तिनं मध काढला नाही. मास्तरीणबाईंना फोनवर सांगितलं, औंदा नाही. का ते त्यांनी विचारलं, तेव्हा तिनं सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, थांबते मी.

राईत मोहोळ असलेली एक ढोली तिला ठाऊक होती, जुन्या ऐनाची. मेलेलं पिल्लू माश्या ओढून बाहेर टाकतात. म्हणून तिनं त्या झाडाखालचा पाचोळा लोटला आणि बाबूचं जुनं पांढरं धोतर पसरून चार चिरे ठेवले. चैत्रभर ती रोज सकाळी तिथं जाई, गुडघ्यांवर बसे, धोतर वितीवितीनं तपासे. परागाचा चुरा पडलेला असे. मोडका पंख, मेलेली म्हातारी माशी. पांढरं पिल्लू अजून एकही सापडलं नव्हतं. बाबूही येई, पण लांब उभा राही.

एका सकाळी मागं काठीचा आवाज आला. धाकूआबा होते. गोदा उठली नाही.

"मान परत मिळायचा नाय, हां," ते म्हणाले.

"नाय मागत, आबा."

त्यांनी वर ढोलीकडे पाहिलं. तिथं माश्यांची ये-जा चालू होती. मग कमरेत वाकून, डोळे बारीक करून त्यांनी काठीचं टोक धोतराकडे नेलं.

"ह्या पांढरा काय मग?"

गोदानं वाकून पाहिलं. "जांभळीचं फूल हाय."

"नीट बघ."

तिनं ते बोटावर घेतलं आणि उन्हाकडे धरून पुन्हा पाहिलं.