वडलांनी लावलेली स्टेशनं

उदगीरला बसस्टँडमागं गाड्यांचं वायरिंग करणारे एक चाचा आहेत. काम करताना ते गिऱ्हाइकाशी कमी आणि स्क्रूशी जास्त बोलतात, "ये राजा, चल भायेर."

वडील वारल्यावर त्यांच्या गाडीतल्या रेडिओचा दिवा गेला, म्हणून मी गाडी चाचांकडं नेली. रेडिओ काढण्याआधी त्यांनी विचारलं, "ह्यातली स्टेशनं कुणी लावलीत?"

"वडलांनी. ते गेले आता."

चाचा थांबले. "करंट तुटला की समदी पुसून जातेत."

मग त्यांनी दुसरी बॅटरी आणली, तिच्या वायरी रेडिओला जोडल्या आणि करंट चालू ठेवूनच बल्ब बदलला. त्यातच अख्खी दुपार गेली.

आकडे उजळले. मी बटणाकडं हात नेला, तसे चाचा हात पुसत दुकानात निघून गेले.