बाटलीतली हळद

मॉलमधल्या त्या काउंटरवर मी उभी राहायला लागले, तेव्हा नवऱ्याला जाऊन वर्षही झालं नव्हतं. वाळूजहून ड्यूटी संपवून मोटारसायकलनं येताना त्याला ट्रकनं उडवलं. मुलगी शाळेत होती. पडेगावच्या घरात आम्ही दोघी, सासूबाई, दीर आणि जाऊबाई. माणसं वाईट नव्हती. नोकरी करू नको असं कुणीही म्हणालं नाही. कसली नोकरी, एवढंच विचारलं. मी सेंटच्या दुकानात म्हणाले आणि सासूबाईंनी हातातली मेथीची जुडी तशीच खाली ठेवली.

आता ते काही शहागंजातलं अत्तराचं दुकान नव्हतं. मुंबईतला एक मोठा डिझायनर, नट्यांच्या लग्नातले घागरे शिवणारा. घागऱ्यांवर त्याचं समाधान होईना, म्हणून त्यानं परफ्युम काढले. त्यातला एक पुरुषांसाठी, चामड्याच्या वासाचा. एक मोगऱ्याचा. आणि ज्याच्यावर सगळा डोलारा उभा होता तो तिसरा, नवरीच्या हळदीचा. लावला की आधी केशर यायचं, मग चंदन, आणि थोडा वेळ मनगटावर राहिला की खालून ओली हळद. हे डिझायनर साहेब ट्रेनिंगला स्क्रीनवर दिसायचे आणि सांगायचे की बाटली विकू नका, गोष्ट विका. गोष्टही त्यांनीच पाठ करून दिली होती. "ये माँ के हाथों की हल्दी है, मॅडम," असं मी दिवसभर म्हणत असे. शिवाय काउंटरवरच्या बाईनं रोज तोच परफ्युम लावून उभं राहायचं, असा कंपनीचा नियम होता.

म्हणजे नवरा गेलेली बाई रोज संध्याकाळी अंगाला नवरीचा वास घेऊन गल्लीत स्कूटीवरून उतरायची. नाकं मुरडली गेली नसती तरच नवल. सासूबाई रागावायच्या नाहीत. आधी हातपाय धू, मग पाणी पी, एवढंच म्हणायच्या. एकदाच बोलल्या, "वासाचं काय नाय गं, पर लोकं काय काय म्हणतेत." मी म्हणाले, लोकांना नाकं काय मी दिलीत का? त्यावर त्या हसल्या, पण दुसऱ्या दिवशी हातपाय धुवायला सांगायचं विसरल्या नाहीत.

मी मुळातच तोंडाळ. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारीण घरी बोलावून न्यायची आणि माझ्यापाशी आली की करंडा पुढच्या बाईकडं न्यायची. अत्तराचा फायाही तसाच माझ्या हातावरून पुढं सरकायचा. वाण मात्र मिळायचं. आता हे कोण मानतं, असं वर म्हणायचीही. पुढं हीच बाई भाचीच्या लग्नाची खरेदी करायला मॉलमध्ये आली आणि मला बघून गोंधळली. मी बसायला खुर्ची दिली, गोष्ट सांगितली आणि हात पुढं करा म्हणाले. तिनं केला. मग दुसराही केला. मी दोन्ही मनगटांवर हळदीचा परफ्युम लावला, कानांमागंही लावला आणि वहिनी, काय खुलून दिसताय, असं म्हणाले. घरी येऊन हे मुलीला सांगताना आम्ही दोघी पोट धरून हसलो. माझ्यापुरता हा विषय संपला, असं मला तेव्हा खरोखर वाटलं होतं.

मुलगी शिकली, कामाला लागली, आणि तिचं लासूर स्टेशनच्या एका घरात जमलं. त्यांची धान्याची आडत आहे. मुलगा इथं शहरात नोकरी करणारा, रोज मोटारसायकलनं जा-ये करणारा. कन्यादान दीर-जाऊबाईंनी करायचं हे न बोलताच ठरलं होतं आणि मी त्याला हरकत घेतली नाही. पण बैठकीत मी सांगून टाकलं की मांडवात तुम्ही बसा, विधी तुम्ही करा, माझ्या लेकीला हळद मात्र मी लावणार.

सासूबाई म्हणाल्या, "ते आपलं काम नाय. मी बी तुझ्यासारखीच, माझ्या लेकीला लावली नव्हती." आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. मी बरंच बोलले. शेवटी मुलगीच म्हणाली की आई लावणार नसेल तर मी पाटावर बसायची नाही. मग जाऊबाईंनीच सासूबाईंची समजूत काढली. काळ बदललाय, पोरीचं मन मोडायला नको, असं त्या म्हणाल्या. सासूबाईंनी मान हलवली. मी जिंकले होते. त्या आठवड्यात काउंटरवर मी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होते की माझ्याच घरी हळद आहे.

हळदीच्या दिवशी दारात मांडव पडला. लासूर स्टेशनहून नवरदेवाची उष्टी हळद आली. ती घेऊन येणाऱ्या पोरानं सहज सांगितलं की भाऊ, म्हणजे नवरदेव, आजही गाडीवर शहरात गेलाय, फेट्याचं काम राहिलंय म्हणून. मी बरं म्हणाले आणि कामाला लागले. पण ते वाक्य कुठंतरी अडकून बसलं.

सुवासिनींनी एकेक करून मुलीला हळद लावली. गाणी चालली होती, मुलगी पिवळीधम्मक होऊन हसत होती. मग जाऊबाईंनी वाटी माझ्यापुढं धरली आणि म्हणाल्या, "या, वहिनी." मी वाटी घेतली नाही. कामावरच्या मैत्रिणींनी मुलीला त्या परफ्युमची मोठी बाटली भेट दिली होती, ती मी कपाटातून काढून आणली. आधी हे, म्हणाले. बाटली हातभर लांब धरली आणि काउंटरवर मारते तशी मुलीच्या मानेवर, मनगटावर फवारली. बायका वा वा म्हणाल्या. कुणीतरी किंमत विचारली. मी साहेबांची गोष्टही सांगायला लागले असते.

मुलगी हळू आवाजात म्हणाली, "आई, दुकानातल्यासारखं लांबून नको. तू हळद लाव."

मी बाटली खाली ठेवली आणि वाटीत बोटं घातली. हळद गार होती. माझ्यासमोर वाळूजचा रस्ता आला आणि त्याच्यामागं लासूरचा. मी या गोष्टी मानत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मला भीती वाटली, माझ्या स्वतःच्या हाताची. न लावल्यानं काय बिघडतं, असं मन म्हणालं, आणि लावल्यावर जावयाला काही झालं तर? मी सासूबाईंकडं बघितलं. त्यांनी नको म्हणावं, आपलं काम नाय म्हणावं, म्हणजे मला भांडता आलं असतं. पण त्या डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "लाव गं बाई, लाव."

मी पदराला बोटं पुसली आणि वाटी जाऊबाईंच्या हातात परत दिली. मुलगी डोळे मिटून, गाल पुढं करून बसली होती, आणि मला कुणीही अडवलेलं नव्हतं.