न मेलेल्या आजोबांचं सुतक

नववीत असताना मी एका आजोबांना मारलं. आजोबा मुळात नव्हतेच, त्यामुळे पोलीस आले नाहीत. पण गाढवपणा तो गाढवपणाच. हल्ली माझी नात मला जन्मजात शहाणी समजायला लागली आहे, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

त्या वर्षी मे महिन्यात आम्ही परळच्या चाळीतून बोरीवलीला ब्लॉकमध्ये राहायला आलो. शाळा नवी, मला ओळखणारं कोणी नाही, म्हणजे फुशारकी मारायला मोकळं रान. माझ्या उकडीच्या मोदकाला एकवीस कळ्या पडतात, असं मी वर्गात जाहीर करून टाकलं. कोकणातली ना मी, हातातच असतं ते आमच्या! प्रत्यक्षात घरी माझं काम नारळ खोवण्यापुरतं, आणि त्यातलंही निम्मं खोबरं माझ्याच पोटात जायचं.

गणपतीच्या सुट्टीआधी शाळेत पूजा असायची आणि नैवेद्याचे मोदक नववीच्या मुली तिथेच करायच्या. आदल्या दिवशी बाई म्हणाल्या, "उद्या पहिला मोदक तू करून दाखव. बाकीच्या बघून शिकतील."

माझ्यासारख्या हुशार मुलीला उपाय सुचायला कितीसा वेळ लागणार? मान खाली घालून म्हटलं, "बाई, आम्हाला सुतक आहे. गावचे चुलत आजोबा गेले." सुतकातल्या माणसाने नैवेद्याला हात लावायचा नसतो, हे बाईंना वेगळं सांगायची गरज नव्हती.

"अरेरे. किती दिवसांचं गं?"

तीन म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण खोटं बोलताना हात आखडता घेणं मला कधी जमलं नाही. "दहा," मी म्हटलं, आणि वर डोळ्यांत पाणीही आणलं. दुसऱ्या दिवशी मैत्रिणी वाफेत घामाघूम होत होत्या आणि मी बाकावर शोकाकुल बसून त्यांच्या फुटक्या मोदकांना मनातल्या मनात नावं ठेवत होते.

बाई आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतात आणि दोन दिवसांनी आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती येणार आहे, या किरकोळ गोष्टी माझ्या तल्लख डोक्यात शिरल्याच नव्हत्या. सुतक असलेल्या घरात गणपती आणत नाहीत. हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं आणि आमचं सुतकही बाईंमुळे आता सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त आईला.

आणि आईचा तर सगळा जीव त्या गणपतीत. चाळीत दारं बंद नसायची, इथे उघडी नसायची. चार महिन्यांत तिला हाक मारायला एक शेजारीण मिळाली नव्हती. चाळीत गणपतीचं बोलावणं करावं लागत नाही, झांज वाजली की माणसं येतात. इथेही येतील, असं ती धरून चालली होती.

बाबा मूर्ती घेऊन जिना चढत होते, पुढे मी झांजा बडवत. एकेक दार किलकिलं व्हायचं, आतले डोळे मोठे व्हायचे आणि दार बंद. संध्याकाळी पंचवीस माणसांची सतरंजी अंथरलेली, एक्कावन्न मोदक झाकून ठेवलेले, आणि आम्ही तिघं. आई निरांजन हातात घेऊन दाराकडेच बघत उभी. कोणाचं पाऊल वाजेना.

शेवटी समोरच्या गुजराती बेन उंबऱ्याबाहेर येऊन थबकल्या. "भाभी, खोटं नको वाटून घेऊ हां. पण तुमच्याकडे ते दादाजी ऑफ झाले ना? मग गणपती कसा बसवला? सगळी बिल्डिंग बोलते."

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे. मी गणपतीकडे, पण तिकडून काही मदत आली नाही.

मी कबूल केलं. आई एरवी शहरी मराठी बोलायची, संतापली की थेट मालवण. "शिरां पडली तुझ्या तोंडार!" मग एकदम शांत झाली, ते जास्त वाईट. "जा. प्रत्येक घरात जा. आपल्या तोंडाने सांग आणि माणसं घेऊन ये. तोवर आरती होणार नाही."

दार वाजवलं की तोंडातून एकच वाक्य निघायचं, "आमच्याकडे कोणी मेलेलं नाही, आरतीला या." दुसऱ्या मजल्यावरच्या रिटायर्ड काकांनी काळजीने विचारलं, "म्हणजे बरे झाले का ते?"

"ते नव्हतेच, काका."

"मग गेलं कोण?"

बाईंचं दार मी शेवटी ठेवलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून पुसला. "एकवीस कळ्या?"

"एकसुद्धा नाही, बाई."

"वाटलंच होतं मला," म्हणाल्या आणि चपला घालून निघाल्या.

सगळी बिल्डिंग आली. थोडी देवासाठी, बरीचशी आजोबा मारणारी मुलगी बघायला. मोदक पुरेनात म्हणून आईने अर्धे अर्धे केले. बेन तर स्वयंपाकघरात शिरून ताटल्या विसळायला लागल्या. मी कोपऱ्यात उभी राहून थोबाडीत बसायची वाट बघत होते.

सगळे गेल्यावर आई सतरंजीची घडी घालत म्हणाली, "चार महिने मी जिन्यात सगळ्यांकडे बघून नुसती हसत होते गं. आज घरात येऊन बसल्या बायका. पण पुढच्या वर्षी कोणाला मारू नकोस, नुसतं बोलावून आण."