पाठकोरे कागद

आमच्या ऑफिसात कागद फाडायचं मशीन नाही, बादली आहे. निळी, प्लास्टिकची, झाकणाची. बिघडलेला प्रत्येक कागद चार तुकडे करून तिच्यात टाकायचा, पाण्यात बुडवायचा आणि संध्याकाळी मावशींनी तो हाताने कुस्करायचा, हा मॅडमचा नियम. मध्यंतरी मशीन आलं होतं. मॅडमनी पहिल्याच दिवशी त्यातून निघालेल्या पट्ट्या टेबलावर पसरल्या, दुपारच्या चहापर्यंत अर्धं पान जुळवून दाखवलं आणि मशीन परत पाठवून दिलं.

ऑफिस वर्ध्यातलं, वकिलांचं. मॅडम आणि त्यांचे भागीदार असे दोघे वकील. भागीदार साहेब दिवसभर कोर्टातच असतात. चहा आणि झाडलोट मावशींकडे, टायपिंग माझ्याकडे. मी देवळीची. सकाळच्या बसने येते, संध्याकाळच्या बसने जाते, आणि हे पंधरा वर्षं चाललं आहे.

मावशी त्या लगद्यात मेथी वाटून घालतात, पालथ्या गंजावर, म्हणजे पातेल्यावर, थापतात आणि गच्चीवर वाळवून टोपल्या करतात. त्यांच्या घरात कांदे-लसूण ज्या टोपलीत असतात, तिच्यात निम्म्या जिल्ह्याची भांडणं मुरलेली आहेत असं मी त्यांना चिडवते. मावशींना वाचता येत नाही. "मले समजत नाई तेच बरं हाय," त्या म्हणतात, "नाईतं पोटात ठेवाले किती जड गेलं असतं."

बादली हा एक नियम झाला. असे बरेच होते आणि सुरुवातीला मला त्यांचा भारी कंटाळा यायचा. फाइलवर नाव नाही, फक्त आकडा. कोणता आकडा कोणाचा, ते सांगणारी वही मॅडमच्या कपाटात, आणि किल्ली त्यांच्या पर्समध्ये. बाहेर बसलेल्या माणसाला नावाने हाक मारायची नाही. मावशी जवळ जाऊन हळूच "चला" म्हणणार. आधार कार्डाची झेरॉक्स घेतली की पक्षकाराच्या समोरच तिच्यावर आडवं लिहायचं, कोणत्या कामासाठी घेतली ते. मोबाइलवर कागदाचा फोटो आला तर काम झाल्यावर त्या माणसाला दाखवून पुसायचा. बसमध्ये ऑफिसातलं बोलायचं नाही. आणि रस्त्यात पक्षकार दिसला तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही. त्याने दाखवली तर हसायचं, नाही दाखवली तर आपल्या वाटेने जायचं. या शेवटच्या नियमापायी देवळीतल्या निम्म्या लोकांनी मला शिष्ट ठरवलं आहे.

माझं खरं भांडण मात्र बादलीशी होतं. आमच्या घरी पाठकोरा कागद टाकणं म्हणजे पापच. लग्नपत्रिकेच्या मागे किराण्याची यादी, कॅलेंडरच्या मागे पोरांची गणितं, असं आम्ही वाढलो. इथे रोज एका बाजूने कोरे, पांढरेशुभ्र, जाड कागद मी स्वतःच्या हाताने फाडून पाण्यात घालायची. मी मॅडमना तसं बोलूनही दाखवलं होतं. त्या म्हणाल्या, "पाठ कोरी आहे गं, पोट नाही." आणि पुन्हा कामाला लागल्या.

एके दिवशी देवळीतलंच एक जोडपं जिना चढून आलं. त्यांचं भांड्यांचं दुकान, त्यांची मुलगी माझ्या मुलीच्या वर्गात, आठवीला. गावात वकील नाहीत असं नाही. गावात कळू नये म्हणून ही माणसं वर्ध्याला आली होती, आणि दारात समोर मी. त्या बाईंचा चेहरा पार उतरला. नवऱ्याची बाही धरून त्या मागे वळल्याच होत्या. मॅडमनी केबिनमधून ते पाहिलं, उठून बाहेर आल्या आणि त्यांना आत घेऊन दार लावलं.

ते गेल्यावर मॅडमनी मला बोलावलं. "ही फाइल तू हाताळायची नाहीस. टायपिंगसुद्धा मी करेन."

"मी काही गावभर सांगत फिरते का?" मी विचारलं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

"नाही फिरत. पण तुला माहीत आहे, एवढ्यानेही त्यांची झोप जाईल. तुला माहीतच नसलं तर तुलाही त्रास नाही."

आता कळतं, किती नीट बोलल्या होत्या. तेव्हा मला तो अपमान वाटला. तोंड फुगवून मी आठवडाभर माझ्या खुर्चीतून त्यांचं टायपिंग पाहत होते. दोन बोटं, कीबोर्डवर अक्षर शोधत फिरणारी. एक पान धड व्हायला चार पानं बिघडायची. बिघडलेली पानं प्रिंटरजवळ पालथी पडायची आणि संध्याकाळी त्या स्वतः फाडायच्या.

शुक्रवारी कोर्टातून अचानक बोलावणं आलं. निघता निघता मॅडम म्हणाल्या, "तो गठ्ठा न वाचता फाडून टाक." आणि गेल्या.

न वाचता. मी ते शब्दशः पाळलं. एक ओळही वाचायची नाही, असा ताठा धरून मी गठ्ठा पालथाच उचलला. पंधरा कागद, कोरी बाजू वर. आणि तशाच रागात मनात आलं, पोरीची स्कॉलरशिपची परीक्षा आहे, रफ वह्या भराभर संपताहेत, आणि इथे हे चाललंय. गठ्ठा माझ्या पिशवीत गेला. वाचलं असतं तर नेला नसता. माझ्या इमानदारीचा आणि काटकसरीचा असा एकत्र घोळ झाला.

रविवारी सकाळी मुलगी ओसरीत गणितं करत बसली होती. एक कागद उडून माझ्या पायाशी आला, छापील बाजू वर. तीन ओळी वाचून झाल्या तेव्हा मला कळलं की मी काय वाचते आहे. त्या दुकानदाराचं नाव, त्यांच्या मुलीचं नाव, आणि दत्तक हा शब्द. जन्मदाखल्यावर या आई-वडिलांची नावं लावून घ्यायची होती. मुलीला यातलं काही ठाऊक नाही, योग्य वेळी आम्ही सांगू, असंही त्यात होतं.

"बाकीचे कागद कुठे आहेत?" मी विचारलं.

"अर्धे तिले देल्ले," मुलगी म्हणाली आणि त्या दुकानदाराच्याच मुलीचं नाव घेतलं. "काल. तिची रफ वही सरली होती."

चपला घालून मी तडक त्यांच्या घरी निघाले. घर दुकानाच्या मागेच. आई-वडील दोघंही दुकानात गिऱ्हाइकांत होते. मागच्या दाराला त्यांची मुलगीच आली. मी म्हटलं, माझ्या पोरीने चुकून ऑफिसचे कागद दिले, परत हवेत. ती आत गेली आणि सात कागद घेऊन आली. नीट एकावर एक रचलेले, पेन्सिलीची गणितं वर. माझ्याकडे न बघता तिने ते हातात दिले. पोरगी मुळातच लाजाळू आहे, असं मी वाटभर स्वतःला समजावत राहिले. घरी येऊन मोजले. सात आणि आठ, पंधरा. सगळे.

सोमवारी सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचले आणि बादलीशी बसले. पाच मिनिटांचं काम होतं. ते झालं की झालं गेलं गंगेला मिळालं असतं, कोणाला पत्ताही लागला नसता. तेवढ्यात मावशी पाणी घेऊन आल्या. त्यांनी माझ्या हातातला कागद पाहिला. शब्द वाचता येत नसले तरी लहान पोरांची पेन्सिल त्यांना ओळखता येत होती.

"हे गणितं कोनाचे?"

मी कागद पाठीमागे नेला.

मावशींनी बादलीवर झाकण ठेवलं आणि त्या झाकणावरच बसल्या. "मॅडमले सांगजो. मी नाई सांगत. तूच सांग."

मॅडम आल्यावर मी सांगितलं. उभ्यानेच, एका दमात. मला वाटलं नोकरी गेली. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, कागद किती, कोणाकोणाच्या हातात गेले, सगळे परत आले का, मी किती वाचलं. मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी कपाटातून फाइल काढली, त्या दिवशीचं काम भागीदार साहेबांना फोनवर सोपवलं आणि म्हणाल्या, "देवळीची बस किती वाजता आहे?"

"मॅडम, सगळे कागद परत आलेत," मी म्हटलं. मी अक्षरशः हात जोडले होते. "कोणी वाचलेलं नाही. उगाच जाऊन सांगितलं तर त्यांच्या जिवाला घोर लागेल."

"कोणी वाचलं नाही हे तुला कसं माहीत? गोष्ट त्यांची आहे. ती आपल्या हातून सांडली, हे कळायचा हक्कही त्यांचाच आहे."

बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. ऑफिसातलं बसमध्ये बोलायचं नाही, म्हणून त्या एक शब्द बोलल्या नाहीत आणि मीही नाही. तेवढा लांब प्रवास मी आयुष्यात केलेला नाही.

दुकानाच्या मागच्या खोलीत मॅडमनी त्या दोघांसमोर उभं राहून सांगितलं. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. "तुमचे कागद आमच्या ऑफिसातून बाहेर गेले. दोन दिवस बाहेर होते. आता सगळे परत आले आहेत. पण त्यातले सात तुमच्या मुलीच्या हातात होते. तिने वाचले का, ते आम्हाला माहीत नाही. चूक ऑफिसची, म्हणजे माझी. तुम्हाला दुसऱ्या वकिलाकडे जायचं असेल तर फाइल मी सोबत आणली आहे."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. घेणारच नव्हत्या, हे माझ्या लक्षात आलं, आणि मग मला गप्प बसवेना. "कागद मी नेले होते," मी म्हटलं.

त्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "तुमी नेले? माह्या पोरीच्या हातात?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवरा खाली बघत राहिला. बाई म्हणाल्या, "तुमी जा आता." फाइलीचं काय ते काही म्हणाल्या नाहीत. आम्ही निघालो.

मॅडम मला रागावतील म्हणून मी वाट पाहिली. नाही रागावल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बिघडलेल्या कागदांचा गठ्ठा त्यांनी रोजच्यासारखा माझ्यापुढे ठेवला आणि त्या फोनवर बोलायला गेल्या. मी एकेक कागद चार तुकडे करून टाकला, आणि फाडताना रडले. इतका विश्वास मला माझ्या माहेरच्यांनीही कधी दाखवला नव्हता.

देवळीच्या बाजारात त्या बाई एक-दोनदा समोरून गेल्या. त्यांनी ओळख दाखवली नाही. मी माझ्या वाटेने गेले.

तीन आठवड्यांनी त्या एकट्याच ऑफिसात आल्या. केबिनमध्ये बसल्यावर म्हणाल्या, "त्यायलेबी बोलवा." म्हणजे मला. मी दाराशी उभी राहिले.

"तुमी गेल्या अन् मी त्याच दिवशी पोरीले जवळ बसवलं," त्या सांगू लागल्या. "सांगाले सुरुवात केली तं ती म्हने, आई, मले मालूम हाय. मी शनिवारीच वाचलं."

मावशी चहा घेऊन आल्या होत्या, त्या ट्रे धरून तशाच थांबल्या.

"म्या म्हटलं, मंग बोलली काऊन नाई? तं म्हने, तू सांगशीन म्हून वाट पाहून राह्यली होती." बाईंनी पदराने डोळे पुसले. "तुमी आल्या नसत्या तं मी आनखी चार वर्षं बोलली नसती. अन् लेकरू मनात घेऊन वाट पाह्यतच राह्यलं असतं. आमच्या संग जेवत, आमच्या संग हासत."

पोरीच्या त्या न बघण्याचा अर्थ मला तेव्हा लागला. मागच्या दाराशी सात कागद देताना तिला सगळं ठाऊक होतं, आणि मी तिला लाजाळू म्हणून मोकळी झाले होते. बादलीशी माझी ती पाच मिनिटं मिळाली असती तर आजही मला ती लाजाळूच वाटली असती.

फाइल आमच्याकडेच राहिली. दाखला झाला. पुढच्या बाजारात त्या बाईंनी लांबूनच "ओ ताई" म्हणून हाक मारली, आणि मी मेथी घेता घेता हसले.

त्यांची मुलगी आता वर्ध्याला कॉलेजात आहे. कधीकधी माझ्याच बसला असते, शेजारी येऊन बसते. माझ्या मुलीला तिने स्वतःच सांगितलं, मागच्या वर्षी. माझी मुलगी घरी येऊन म्हणाली, "आई, तुले मालूम होतं?" मी म्हटलं, भाजी चिरून दे.

हे लिहायचं मनात आलं तेव्हा आधी त्यांच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "लिहा काकू. पण आईले विचारजा." आई म्हणाली, "लिहा. पण गावातल्या कोनाले समजू नाई."

लिहून झाल्यावर कागद मॅडमपुढे ठेवले. त्यांनी पेन्सिल घेऊन शेवटपर्यंत वाचलं, बऱ्याच ठिकाणी खुणा केल्या, आणि मी त्याप्रमाणे बदल केले. खुणांचे कागद चार तुकडे करून बादलीत गेले, मावशींनी माझ्यासमोर कुस्करले. नावं तर मी आधीच घातली नव्हती. त्यांचं दुकान भांड्यांचं नाही, आणि मी ज्या बसने येते ती देवळीची नाही.