सहकाऱ्याचं आमंत्रण
प्लम केकचा वास आला की बेळगोळच्या कारखान्यातलं आमचं ऑफिस आठवतं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी आठवडाभर माझ्याभोवती घुटमळत होता. चर्चच्या मंडळाने प्रत्येकाला नाताळच्या कार्यक्रमाला एक तरी सहकारी आणायला सांगितलंय, हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं. फक्त त्याच्या तोंडून आमंत्रण निघत नव्हतं. मीही नकाराचं भाषण तयार ठेवून अस्वस्थ बसलो होतो. शेवटी त्याने केकचा डबा पुढे केला. "संडेला चर्चला या, सर. नाही म्हणालात तरी चालेल, पण विचारलंच नाही असं मला तिथे सांगता येणार नाही." "ऑफिसात धर्म कशाला आणायचा?" मी भाषणाचं पहिलं वाक्य टाकलं. त्याने आपल्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. दसऱ्याच्या आयुधपूजेचं कुंकू अजून त्यावर होतं. "हे तुम्हीच लावलं होतं, सर," तो हसून म्हणाला, "मला न विचारता." भाषण तिथेच सोडून मी केक घेतला. आता दसऱ्याला कुंकवाची वाटी घेऊन निघालो की प्रत्येक टेबलापाशी थांबून विचारतो, "लावू ना?" लोक चमकून बघतात, आणि उत्तर येईपर्यंत मीही त्याच्यासारखाच घुटमळत राहतो.