अमावस्येला काढलेलं हेल्थ कार्ड

दत्तमहाराजांवर माझी श्रद्धा लहानपणापासूनची. मात्र त्यांनी कोणतं काम कधी करायचं, हे ठरवायचा अधिकार मी बरीच वर्षं स्वतःकडे ठेवला होता. तो माझ्याकडून कसा काढून घेतला गेला, ते सांगते.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. आम्ही दुबईत करामामध्ये राहत होतो. मामंजी गेल्यावर सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. त्यांचा एक डोळा कधीच गेला होता, आणि दुसऱ्यात मोतीबिंदू इतका पिकला होता की त्या मला पावलांच्या आवाजावरून ओळखायच्या. चहात मीठ घालून वर चहापत्तीलाच नावं ठेवायच्या. सरकारी हॉस्पिटलने ऑपरेशनसाठी ईदच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस दिला होता. डॉक्टर म्हणाले होते, आता आणखी थांबलात तर हाही डोळा हातचा जाईल. अट एकच, त्या दिवशी हेल्थ कार्ड चालू हवं. सासूबाईंचं जुनं कार्ड नेमकं ईदच्या सुट्टीत संपत होतं. नवं करायचं ते संपण्याआधीच्या महिन्यातच; त्याआधी अर्ज घेत नसत, आणि मुदत उलटली की सगळं पहिल्यापासून. मग ऑपरेशनची पाळी दुसऱ्या कुणाची.

महिनाभर हातात होता, पण तो महिना पौष निघाला.

"पौषात मी सही करणार नाही," सासूबाईंनी जाहीर केलं. "ह्यांच्या ऑपरेशनच्या कागदावर पौषातच सही केली होती. टेबलावरून उठले नाहीत."

मीही त्याच पठडीतली. भिंतीवरच्या कॅलेंडरात माघाचा पहिला दिवस शोधला, त्यावर लाल गोल केला आणि महाराजांच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावून सांगितलं, "या दिवशी तेवढं बघा." अबुधाबीला नोकरी करणाऱ्या नवऱ्याने फोनवर विचारलं तेव्हा मी ऐटीत म्हणाले, "सगळं ठरलंय."

आदल्या दिवशी खालच्या दुकानात दूध आणायला गेले. मला चेची, म्हणजे ताई, म्हणणाऱ्या मल्याळी दुकानदाराला सहज म्हणाले, "कल हेल्थ कार्ड का काम है." तो हसायचाच थांबला. "चेची, कल तो ईद हो सकता है. आज एक बजे तक ऑफिस. उसके बाद खलास."

अख्खा रमजान महिना डोळ्यांसमोर सरत होता. रोज सकाळी बंद हॉटेलांवरून मी जात होते, ऑपरेशन ईदनंतर हेही पाठ होतं. तरीही आमचा पौष आणि त्यांचा रमजान एकाच अमावस्येपाशी संपणार, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी फक्त आमचं कॅलेंडर पाहिलं होतं.

साडेअकरा वाजले होते. घरी येऊन म्हटलं, "आई, चला, ऑफिस नुसतं बघून येऊ."

"मला दिसत नाही. मी काय बघणार?"

"मग मी बघते, तुम्ही सोबत या."

टॅक्सीत बसल्यावर त्यांनी तिथी विचारली. मी खिडकीबाहेर बघत राहिले. "अमावस्या आहे ना?" त्या म्हणाल्या. तेव्हा मनातल्या मनात मी महाराजांना पहिल्यांदाच वेळ न देता सांगितलं, "मला जमत नाहीये. आता तुम्हीच काय ते बघा."

ऑफिसात बायकांच्या खिडकीशी कोणी नव्हतं, पण सासूबाई खुर्चीतून हलेनात. शेजारी एक म्हातारी अरब बाई बसली होती. काळा अबाया, चेहऱ्यावर मुखवट्यासारखा सोनेरी चमकीचा बुरखा, हातात जपमाळ. जुन्या पिढीतल्या अरबांना हिंदी येतं, तसं तिलाही येत होतं. तिने विचारलं, "क्या मुश्किल?"

मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी सगळं सांगितलं. पौष, अमावस्या, मामंजी. इतकं तर त्या माझ्याशीही कधी बोलल्या नव्हत्या. बाईने जपमाळ मांडीवर ठेवली आणि त्यांचा हात हातात घेतला.

"मेरा आदमी रमजान में गया," ती म्हणाली. "सबसे अच्छा महीना, फिर भी गया. महीना किसी को नहीं ले जाता, अम्मा. तुम्हारा खराब, हमारा अच्छा, चाँद तो एक ही है." मग खिडकीतल्या मुलीला तिने अरबीत हाक मारली. त्यातलं मला एवढंच कळलं, "यल्ला," म्हणजे चला, लवकर.

सासूबाई उठल्या. मी त्यांचं बोट सहीच्या जागेवर टेकवून दिलं, आणि त्यांनी सही केली. वाकडी, पण पूर्ण नावाची. कार्ड घेऊन वळलो तर खुर्ची रिकामी होती. बाई कोणासाठी आली होती, कळलं नाही. नाव विचारायचंही राहून गेलं.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. पट्टी काढल्यावर सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "केवढी जाड झालीस गं तू." दवाखान्याच्या त्या कॉरिडॉरमध्ये मी हसता हसता रडले. आयुष्यात मला त्याहून गोड कोणी काही बोललेलं नाही.

त्या बाईला महाराजांनी पाठवलं, की ती आपल्याच कामाला आली होती, हा वाद मी कोणाशी घालत नाही. मी अजूनही त्यांच्याकडे मागते, भरपूर मागते. फक्त तारीख सांगत नाही.